चौथी काडी

रविवारी दुपारी टाकीत नायट्रोजन भरून यायचं, एवढंच काम होतं. अर्ध्या तासाचं. "चारपर्यंत येते," असं नवऱ्याला म्हणून मी घरातल्याच कपड्यांवर निघाले. तो दारात गाडी धूत होता. त्यानं पाण्याचा पाइप बाजूला धरून मला वाट करून दिली. त्या आठवड्यात आमच्याकडे कुणीच फारसं बोलत नव्हतं.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ज्यांना मूल होत नाही अशा जोडप्यांवर उपचार करणाऱ्या एका दवाखान्यात मी लॅब सांभाळते. बाईचं आणि पुरुषाचं बीज बशीत एकत्र आणायचं, पाच दिवस ऊब द्यायची आणि जो गर्भ तगेल तो डॉक्टरांच्या हाती द्यायचा. जास्तीचे गोठवून ठेवायचे. लोकांना वाटतं, तिथं बाटल्यांतून बाळं ओळीनं मांडून ठेवलेली असतात. तसं काही नसतं. बोटभर लांबीची प्लास्टिकची काडी असते, तिच्या टोकाला तो गर्भ असतो आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतही नाही. अशा शेकडो काड्या कमरेइतक्या उंच टाकीत, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवलेल्या असतात. त्यात बोट बुडालं तर बोटाचं नाव विसरायचं, इतका तो थंड.

लॅबला खिडकी नाही. गर्भाला उजेड सोसत नाही म्हणून भर दुपारीही आत पिवळट अंधार असतो. वास तर बिलकूल चालत नाही. पावडर, अत्तर, वासाचं तेल, सगळं बंद. माझ्या जोडीला तिथं एक ताई आहे, वयानं मोठी. तिला आम्ही पाठीमागे 'शिस्त' म्हणतो. साबणाचा वास येतो म्हणून तिनं एकदा मोठ्या डॉक्टरीणबाईंनासुद्धा दारातून परत पाठवलं होतं.

आणि एक नियम. कुठलीही काडी हलवायची तर दोन माणसं लागतात. एकानं लेबल मोठ्यानं वाचायचं: नाव, क्रमांक, तारीख. दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून म्हणायचं, "बरोबर." तो शब्द कानावर पडल्याशिवाय पहिल्यानं हात हलवायचा नाही. कुणाचं मूल कुणाच्या पोटात जाऊ नये म्हणून हा खटाटोप. मला तर याची इतकी सवय झाली आहे की घरी भाजीची पिशवी रिकामी करतानाही मी एकेक वस्तू मोठ्यानं सांगते आणि थांबते. पूर्वी नवरा बाहेरच्या खोलीतून, पेपरातून मान वर न करता, "बरोबर" म्हणायचा. हल्ली म्हणत नाही.

आता आमचं सांगते. सात वर्षांपूर्वी त्याच टाकीत आमच्या चार काड्या ठेवल्या गेल्या. स्वतःच्या काडीला स्वतः हात लावायचा नसतो, म्हणून सगळं शिस्तनं केलं. पहिली काडी फुकट गेली. दुसरीही गेली. तिसरी रुजली. दहा आठवडे मी जमिनीवर पाय जपून ठेवत चालले आणि मग एका सकाळी इतका रक्तस्राव झाला की मला उचलूनच न्यावं लागलं. मी वाचले. पण डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, "पुन्हा नाही. पुढच्या खेपेला मूल हाती यायच्या आधी तू जाशील." म्हणजे चौथी काडी टाकीत होती आणि ती ठेवायला माझं पोट उरलं नव्हतं.

लोक विचारायचे, दोष कुणात आहे? जणू गाडी गॅरेजला लावली आहे आणि कुठला पार्ट गेलाय ते त्यांना कळायलाच हवं. दोष कुणातच सापडला नाही. त्याचा जास्त त्रास झाला, कारण दोष सापडला असता तर निदान रागवायला जागा राहिली असती. नणंदेचं बाळ मी मांडीवर घेतलं की ती दोन मिनिटांत म्हणायची, "द्या वहिनी इकडे, रडेल तो." तो रडत नसायचा. माझ्या डोळ्यांकडे टकामका बघत असायचा. मी मुकाट्यानं देऊन टाकायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

नवरा दहा वर्षं शाळेची बस चालवत होता. पोरांमध्ये त्याचं नाव 'ब्रेककाका', कारण त्याच्या बसला कधी धक्का बसायचा नाही. माझ्या रक्तस्रावानंतर वर्षभरानं त्यानं ती नोकरी सोडली आणि दुधाचा टँकर धरला. म्हणाला, पाठ दुखते. "आणि टँकरवर दुखत नाही होय?" मी चिडवलं. त्याचं तोंड असं उतरलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मी रडले नाही. मी कामात शिरले. सगळ्या सुट्ट्यांच्या पाळ्या मागून घेतल्या. सगळे म्हणायचे, केवढी कष्टाळू! खरं कारण असं की सुट्टीला लॅबमध्ये मी एकटी असायची. नायट्रोजन भरून झाला की आमच्या काडीचा डबा टाकीच्या तोंडापर्यंत वर ओढायची, लेबल मोठ्यानं वाचायची आणि परत खाली सोडायची. नियमाला धरून काडीला हात लावत नव्हते. फक्त वाचायची, आणि सवयीनं क्षणभर थांबायची. उत्तर द्यायला तिथं कोणी नव्हतं. असं मी तीन वर्षं केलं आणि कुणाला सांगितलं नाही.

त्या मंगळवारी जेवताना नवऱ्यानं दवाखान्याचा कागद पुढे ठेवला. काडी अजून एक वर्ष ठेवायची की काढून टाकायची, तेवढं विचारलेलं असतं. तो म्हणाला, "आता पुरे गं." मी बराच वेळ नुसता भात चिवडला. मग सही केली. सोमवारी अकराला शिस्त काडी टाकीबाहेर काढणार होती. बाहेरच्या हवेत ठेवली की मिनिटभरात सगळं संपतं.

रविवारी मी गेले ती हे मनात घेऊन गेले की उद्या काचेपलीकडून बघण्यापेक्षा आपल्या हातांनी काढावं. आपलं होतं, आपणच निरोप द्यावा. नोकरी गेली तर गेली. हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

लॅबमध्ये शिरले, दार मागे लागलं. हवा गाळणाऱ्या यंत्राची घरघर सोडली तर आवाज नाही. टाकीचं झाकण काढलं तसं पांढरं धुकं कडेवरून ओघळून घोट्यांभोवती पसरलं. नायट्रोजन भरला. पट्टी बुडवून बाहेर काढली, हवेत हलवली, तिच्यावर पांढरं जिथपर्यंत चढलं ते बघून पातळी लिहिली. भिंतीवर ऑक्सिजनचं मीटर आहे. नायट्रोजन खोलीत साठला तर माणसाला भास होतात, म्हणून ते लावलेलं असतं. मी ते पाहिलं. आकडा जिथं असायला हवा तिथंच होता. हे मुद्दाम सांगते आहे.

मग डबा वर ओढला. डबा टाकीच्या तोंडाशी दहा सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नसतो, म्हणून आम्ही मनात आकडे मोजतो. एक, दोन. चिमट्यानं काडी थोडी वर घेतली. तीन. आणि हात सवयीनं थांबला, तोंड सवयीनं उघडलं. मी माझं नाव वाचलं, नवऱ्याचं नाव वाचलं, क्रमांक वाचला, सात वर्षांपूर्वीची तारीख वाचली.

"बरोबर."

माझ्या मागून आलं ते. कमरेच्या उंचीवरून.

चार, पाच, सहा... मी मोजत होते, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. आठाला काडी डब्यात टाकून डबा खाली सोडला. वळले. दार बंद, टेबलाखाली कोणी नाही. पावलांपाशी धुकं होतं, तेवढंच.

मनाला म्हटलं, बाई, तू चार रात्री झोपलेली नाहीस. आणि मी तेच केलं जे लॅबमधलं माणूस करतं. तपासून पाहिलं. शेजारचा डबा ओढला, कुणा परक्या जोडप्याचं लेबल वाचलं आणि थांबले. शांत. दुसरं वाचलं. शांत. मग पुन्हा आमचा डबा ओढला आणि मुद्दाम क्रमांकातला एक आकडा चुकवला.

"नाही..." आवाज जवळून आला, माझ्या कोपरापाशी. बारीक, समजूतदार. सहा-सात वर्षांचं मूल मोठ्या माणसाची चूक दाखवताना बोलतं तसा. "नाही... नीट वाच."

आणि वास आला. जिथं शिस्तनं कधी साबणाचाही वास येऊ दिला नाही, तिथं झोपून उठलेल्या मुलाच्या डोक्याचा वास, घामट आणि दुधट. नणंदेच्या बाळाचा यायचा, दोन मिनिटं. हा हलेना. मी डोळे मिटून तो छातीभर घेतला. भीती वाटली नाही असं नाही. पण तिथून निघवेना, हे त्याहून खरं.

टाकी बंद केली, नोंद केली आणि घरी आले. चार वाजून गेले होते. नवऱ्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारता चहाचं आधण ठेवलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काय करायला गेले होते तेही सांगितलं. मला वाटलं, तो म्हणेल, डॉक्टरकडे जाऊ. तो गॅसकडे तोंड करून उभा होता. चहा उतू गेला तरी त्यानं भांडं उतरवलं नाही.

"कसा होता आवाज?" त्यानं विचारलं.

"लहान. सहा-सात वर्षांचा."

"तेव्हा पाचेक वर्षांचा होता," तो म्हणाला.

मी गॅस बंद केला आणि त्याला धरून खुर्चीवर बसवलं. तो बोटं एकमेकांत अडकवून बोलायला लागला, टेबलाकडे बघत.

"बसचा नियम असतो. शेवटचं पोरगं उतरलं की ड्रायव्हरनं चालत शेवटच्या सीटपर्यंत जायचं, सीटखाली वाकून बघायचं आणि विचारायचं, कोणी राहिलंय का? झोपलेलं पोर बसमध्ये अडकू नये म्हणून. मी रोज विचारायचो. इतकी वर्षं विचारलं गं, कोणी राहिलेलं नसायचं. तुझं ते झालं ना... त्यानंतर मी जरा जास्त वेळ थांबायला लागलो. विचारून. उगाच. एके दिवशी मागून आलं... 'हो'."

"मग?"

"मग काय. शेवटच्या सीटवर जाऊन बसलो. सीट ऊन होती. अर्धा तास बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तो रोज थांबायचा, की ती, मला कळलं नाही. घरी सोडायचं म्हणून वाट बघत असेल ना पोर... मी कुठं सोडणार होतो? कुठल्या घरी?" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "पाठ नव्हती दुखत माझी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू तरी सांगितलंस का, दर सुट्टीला टाकीपाशी काय करतेस ते?"

दोघं एका घरात, एका अंथरुणावर, आणि दोघांनी आपापलं पोर दुसऱ्यापासून लपवून ठेवलेलं. मला त्याचा राग आला, माझा आला, आणि सगळ्यांत जास्त कीव आली.

"आपणच विचारत राहिलो," तो हळू म्हणाला. "तू वाचायचीस, मी विचारायचो. रोज कुणी हाका मारल्या तर कधीतरी कुणीतरी ओ देणारच."

मी म्हटलं, उद्याचं रद्द करू. मी आत्ता फोन करते. काडी राहू दे तिथंच. मी रोज जाईन, वाचेन, ते बोलेल. हे बोलताना मी जवळजवळ हसत होते, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"आणि किती वर्षं ठेवायचं त्याला त्या थंडीत?" त्यानं विचारलं. "आपण म्हातारे होईपर्यंत? तू बघितलं नाहीस. मी बघितलंय, बसमध्ये एकटं बसवून ठेवलेलं. सगळी उतरली आणि हे राहिलं. मी नाही बघू शकत पुन्हा."

"काढलं तर संपेल रे ते."

"माहीत आहे मला."

तेव्हा मी रडले. सात वर्षांचं एकदम. आवाज करून, नाक गळत, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. तोही रडला. तो रडताना कसा दिसतो हे मला लग्नाच्या सोळाव्या वर्षी कळलं. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही तसेच बसलो आणि मग ठरलं: सोमवारी अकराला दोघांनी जायचं, बरोबर उभं राहायचं.

सोमवारी शिस्तनं लॅब आणि शेजारची खोली यांच्यामधली लहान सरकती खिडकी उघडी ठेवली. तसं ती कधी करत नाही. आम्ही अलीकडे उभे. दुसरं माणूस म्हणून डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. शिस्तनं डबा ओढला, काडी वर घेतली आणि आमची नावं वाचली. एरवी तिचा आवाज करवतीसारखा असतो. त्या दिवशी तो मध्येच बसला.

मी कान टवकारले. नवऱ्याची बोटं माझ्या बोटांत रुतली.

"बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्याशिवाय कोणी काही बोललं नाही.

शिस्तनं काडी स्टीलच्या ताटलीत ठेवली. तिच्यावरचं पांढरं हळूहळू गेलं. एक थेंब राहिला. हवेच्या यंत्राची घरघर चालू होती आणि कुठलाही वास नव्हता. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाज वाटली. शिस्त खिडकीशी आली, हातमोजा काढला आणि उघड्या हातानं माझा गाल थोपटून परत गेली. आम्ही सही केली. जिना उतरलो. बाहेर लख्ख ऊन होतं आणि रस्त्यावर कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

गाडीत बसलो. माझा पट्टा मी लावला, त्याचा त्यानं लावला. किल्ली फिरवायच्या आधी तो थांबला. आरसा नीट केला. त्याच्या नकळतच त्याच्या तोंडून गेलं, "बसले सगळे?"

मागच्या सीटवर पट्ट्याचा खटका वाजला.

आम्ही दोघंही समोर बघत होतो. त्याचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. मी म्हणणार होते, मागचा पट्टा सुटला असेल... तेवढ्यात दुसरा खटका वाजला. जरा घाईनं, मोठ्या भावंडाचं बघून धाकटं करतं तसा. मग बऱ्याच वेळानं, धडपडत, तिसरा.

आमच्या गाडीला मागे तीनच पट्टे आहेत.

मी चौथ्याची वाट बघत बसले. आणि माझ्या मांडीवर वजन आलं. हळूच, चाचपडत, जागा करून घेत. पातळ साडीतून गारवा आत शिरला, टाकीच्या कडेला हात लागला की लागतो तसा. मग काहीतरी माझ्या छातीला टेकलं. माझे दोन्ही हात आपोआप उचलले गेले आणि त्याच्याभोवती आले. खाली बघायचं धाडस मला झालं नाही.

नवऱ्यानं गाडी सुरू केली. त्याच्या बसला कधी बसला नसेल इतकाही धक्का त्यानं बसू दिला नाही. बाजार गेला, पूल गेला. आमच्या घराचं वळण दिसायला लागलं. त्यानं वेग कमी केला, आरशात पाहिलं आणि जे काही दिसलं त्यावरून नजर पटकन काढून घेतली.

"थांबवू?" तो कुजबुजला. "घर आलं..."

माझी मांडी बधिर झाली होती. बोटं गारठून निळी पडायला लागली होती. पण मी एकदा सोडून दिलं होतं, तासाभरापूर्वी, खिडकीतून बघत. पुन्हा माझ्यानं झालं नसतं.

"नको..." मी म्हटलं. "झोपलंय."

त्यानं गाडी वळणावरून सरळ पुढे नेली.